अकरा तासांचं विमान

नाही नाही, कोट काढू नका, टाचण्या आहेत अजून — हात खाली, असा — आणि काय म्हणालात, पाच तास? पाचच? नीट आठवून सांगा हं. गणवेश विमानातला दिसला म्हणून विचारलं. तुमचं विमान जातं ना, त्याच शहरात माझी मुलगी राहते. ती म्हणते अकरा. अकरा तास, बाबा, एवढं लहान बाळ मांडीवर घेऊन कशी बसू? तुम्ही पाच म्हणता, ती अकरा म्हणते — मधले सहा तास विमान काय ढगात उभं राहून चहा पितं?

आणि तुमच्या भरवशावर नाहीये मी, राग मानू नका. स्वतः मोजलंय. पृथ्वीचा गोल आणला, ही फीत घेतली, आणि पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेतो तशी वरून फिरवली — इथपासून तिच्या शहरापर्यंत सव्वानऊ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर, खाली छापलंय. म्हणजे एकोणचाळीसशेच्या आसपास. आशियातल्या आशियात! ताशी आठशेनं भागा, पाचला टेकतंच. चाळीस वर्षं मापं घेतोय — बोटभर इकडेतिकडे होईल, सहा तास? — वळा जरा — काय? तिकडून येताना साडेपाच? का? रस्ता तोच ना? वारा समोरून असतो... हं. बाही आखूड झाली की मीही म्हणतो, कापड आटलं. बरं, धरा साडेपाच.

मला विचाराल तर हे काम जावयाचं. गोड बोलतो फार, आणि गोड बोलणाऱ्याचं माप दोनदा घ्यावं. त्यानंच पढवलंय तिला. माझी पोर खोटं बोलणारी नाही हो. अकरा! दहा नाही, बारा नाही, दर वेळी अकराच — ठरवून दिल्यासारखं. तुम्ही नाही ना ओळखत त्याला? नाही, विमानात भेटतात माणसं, म्हणून आपलं विचारलं.

तिची आई गेली तेव्हाही आली नाही ती. म्हणजे — निघाली होती, बॅग भरून बसली होती. मीच म्हटलं फोनवर, अकरा तास लागतात, तू पोचेपर्यंत काही उरायचं नाही, नको येऊस. आता मला काय ठाऊक किती लागतात, तोंडाला आलं ते बोललो. राग होता मनात, लग्न ठरवताना बापाला विचारलं नव्हतं ना. ती म्हणाली, बरं बाबा. एवढंच. हिनं, तिच्या आईनं, त्यानंतर अख्खा दिवस काढला, दार वाजलं की मान वळवायची. मी म्हणायचो, वारा आहे.

थांबा जरा.

पण ती तर विमानानंच गेली होती इथून. पाच तास बसून गेली असणार — तुमच्याच विमानात, काय सांगावं. म्हणजे तिला तेव्हाच ठाऊक होतं. मी अकरा म्हटलं आणि ती, बरं बाबा...

जावई नाही हो. माझाच आकडा आहे तो.

काढा कोट. टाचण्या सांभाळून. परवा या — नाही, काही बोलू नका आता. दार ओढून घ्या जाताना.