वस्तादाची जागा

कर्जत स्टेशनात मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

“मठाच्या तालमीचा वस्ताद बदलायला नको होता, हिरामण.”

“महंतांचे कान तूच भरलेस, कोंडाजी. वस्ताद रानातल्या ठाकर आदिवासीच्या पोराला, चांगोला, आखाड्यात घेतो म्हनून.”

“त्याच चांगोनं आज दहिवलीच्या जत्रंत आपला गडी चीत केला.”

“केला. पन मग मठाच्या निशाणाकडं कशाला आला रं?”

“जिंकल्यावर वस्तादाचे पाय धरायची रीत हाय. जुना वस्ताद कायम निशाणाखालीच बसायचा.”

“तो तर गेल्या साली वारला.”

“म्हनून चांगो त्याच्या जागंला वाकला.”

“तितं कोन बसलं होतं?”

“मीच.”

“मग उठायचंस की.”

“उठायच्या आत त्यानं माजे पाय धरले.”