खुंटी ठोकायला जागा नसलेला ग्रह

नाही, पण मी म्हणतो, खोटं बोलायला काय झालं होतं मला! अहो, मुलगी मागायला गेलेला माणूस मी, वय अडतीस, घरी गेलो की भिंती बघायच्या, आणि समोर साबिरबेककाका, झादिराचे वडील, तीनशे मेंढ्यांचे मालक... आणि तुम्हाला सांगतो, आमच्या तोलेगेनमामांनी बसल्याबसल्या तोंड उघडलं, "साबिरबेकभाऊ, आमचा मेइरखान डोंगरावर दुर्बिणीवर कामाला असतो. आठ वर्षं खपून त्यानं ग्रह शोधलाय. अख्खा! आपल्या पृथ्वीसारख्या हजार मावतील त्यात!" झालं! काका लोडावरून सरळ उठून बसले. कझाख माणूस हो, एवढी जागा ऐकल्यावर पहिलं काय विचारणार? "चरायला कसं आहे तिकडं?"

आता म्हणायचं ना, 'बरं आहे'! कोण बघायला जाणार होतं? तिथून इथं यायला उजेडालासुद्धा सहाशे वर्षं लागतात! पण नाही. "गवत नाही, काका." "बरं, राहुटीची खुंटी कशात ठोकायची?" "जमीनच नाही. नुसता वायू. खाली जावं तसा दाटत जातो, आणि माणूस चिरडतो." मामा घाईघाईनं, "लांब खुंटी घेऊ की!" आणि माझ्या मांडीला असा चिमटा... "वारं?" "ताशी आठ हजार किलोमीटर." "पाऊस?" "बहुधा... काचेचा. आडवा." "वर्ष केवढं?" "तीन दिवसांचं." काकांनी बोटं मोजली. "मेंढी पाच महिने गाभण. म्हणजे व्यायला पन्नास वर्षं? अरे, तोवर मेंढीला तरी आठवेल का, बाप कोण ते?" खोटं बोलायला काय झालं होतं मला, सांगा!

पण काका हसले हो, पोट धरून हसले, म्हणाले, "असल्या उजाड जागेपायी आठ वर्षं घालवलीस, आणि वर खरं सांगतोस? मला पोरगा पसंत आहे." पसंत! मामांनी तर माझी पाठ बडवली. आणि एवढ्यात झादिरा... चहाच्या समोवारपाशी सगळा वेळ गप्प बसलेली, शाळेत शिकवते ती... म्हणाली, "तिकडं पहाट कशी असते?" म्हटलं, "नसतेच. एका बाजूला कायम दिवस, दुसऱ्या बाजूला कायम रात्र." "आणि मधे? दोन्ही भेटतात तिथं?" खाली बघून, हळूच! अहो, शेंबड्या पोरालाही कळलं असतं! मामांना कळलं, त्यांनी डोळेच मिटून घेतले. 'तिथं कायमची पहाट असते, झादिरा...' एवढंच, एवढंच म्हणायचं होतं, आणि हे तर खोटंही नव्हतं हो! आणि मी? मी म्हणालो, "तिथं तर वारा सगळ्यात वाईट."

तिनं माझा पेला ओढला आणि चहा ओतला. आता आमच्याकडे पाहुण्याला चहा नेहमी अर्धाच... म्हणजे संपतो, पुन्हा ओतता येतो, बस रे बाबा, तू हवा आहेस. काठोकाठ भरला की समजायचं, हा पी आणि ऊठ. बापानं नाही भरला, आईनं नाही, तिनं भरला. असा भरला, असा भरला, की उचलता येईना! काय करणार... वाकलो, तोंड खाली नेलं, आणि प्यायलो. चहा चांगला होता.