चौथ्या सामन्यानंतरची सही

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे क्लबचे सर्व पदाधिकारी, आज आपण ज्यांना निरोप देतोय ते आपले प्रशिक्षक सर, संघातले खेळाडू आणि समोर बसलेल्या फुटबॉलप्रेमी बंधूंनो, भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलीत. माइक जवळ धरायचा की लांब, हे मला कळत नाही; मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. मी बोलणारा माणूस नाही. दुसरीत शाळा सुटली. एकतीस वर्षं या क्लबचे कपडे सांभाळतो. तुम्ही सगळे मला कपडेकाका म्हणता, तेव्हा वेगळी ओळख नको.

मघाशी तीन वक्त्यांनी सरांना शिल्पकार म्हटलं. ऐकून बरं वाटलं. पण हंगाम सुरू होऊन किती सामने झाले? आठ. एवढ्यात आपण सरांना किती वेळा डोक्यावर घेतलं आणि किती वेळा खाली उतरवलं?

पहिला सामना चार-शून्य जिंकलो. तुम्ही भलंमोठं कापड रंगवलंत, 'सर, दहा वर्षं हलू नका'. ते कापड इथल्या माझ्या कपड्यांच्या खोलीतच असतं. दुसऱ्या सामन्यात बरोबरी, तिसरा गेला, चौथाही गेला. मग दोघे चाहते आले, कापड घेऊन गेले आणि मागच्या बाजूला 'सर, सामान बांधा' असं लिहून आणलं. म्हणाले, नवं कापड कशाला वाया घालवा. हसा, हसायला हरकत नाही. माझा न्हावी दाढी करताना रेडिओवर सामना ऐकतो. एका गालाला साबण लावेपर्यंत सर त्याच्या लेखी देवमाणूस होते. दुसऱ्या गालावर वस्तरा आला तेव्हा आपल्यावर गोल बसला, आणि सरांना काडीचीही अक्कल उरली नाही. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

पण मी दुसऱ्यांच्या नावानं खडे फोडायला उभा राहिलेलो नाही.

आपल्या क्लबात एक पद्धत आहे. कर्मचाऱ्यांचं मत कागदावर घ्यायचं असलं की पहिली सही सगळ्यांत जुन्या माणसाची. मान म्हणून. चौथ्या सामन्यानंतरच्या सोमवारी सचिवसाहेब माझ्या खोलीत कागद घेऊन आले. कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षकांवर विश्वास उरलेला नाही, असं त्यावर लिहिलं होतं. त्यांनी जबरदस्ती केली नाही, हे सांगायला हवं. माझे हात ओले होते. मनात आलं, आपण एकट्यानं सही नाही केली आणि नवे साहेब आले, तर म्हणतील, काकांचं वय झालं, आता घरी बसू द्या. घरी काय आहे? गेल्या हंगामात बायको गेली. दोन खोल्या आहेत, त्यातली एक मी उघडतच नाही.

हात पुसले आणि सही केली.

माझ्यामागून अर्ध्या तासात सव्वीस सह्या झाल्या. काकांनी केलीय ना, मग आपण काय विचार करायचा, असं सगळे म्हणाले. सरांना पद सोडायला महिन्याची मुदत मिळाली, नव्या प्रशिक्षकांशी करार झाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुदतीतल्या चार सामन्यांपैकी तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला. कापड पुन्हा उलटलं. करार तेवढा उलटेना. म्हणून आज आपण तिसऱ्या क्रमांकावरच्या संघाच्या प्रशिक्षकाला हार घालतोय. असं कुणी कधी ऐकलंय का?

आता थोडं माझ्या खोलीबद्दल, मग बसतो. सरांचं बिऱ्हाड दूरच्या गावी, इथे भाड्याच्या घरात ते एकटेच. दुपारी माझ्याकडे यायचे, स्टूल ओढायचे आणि वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला बसायचे. आल्यावर विचारायचे, काका, काही खाल्लंत का. बाकी सगळे मला विचारतात, माझी जर्सी कुठंय.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. खिशात त्या कागदाची प्रत होती. ती काढून पाहिली, आणि मोजे जुळवता जुळवता म्हणाले, "काका, सही फार सुरेख आहे तुमची. कुणी शिकवली?"

मी म्हणालो, "बायकोनं."

"कशा होत्या हो त्या?"

ती जाऊन आठ महिने झाले होते. हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मुलगा फोनवर तब्येत विचारतो, तो तरी काय करणार, लांब आहे. मी तासभर बोललो. लग्नानंतर तिनं हात धरून पाटीवर नाव कसं गिरवून घेतलं, शेवटचं अक्षर खाली घसरलं की कशी बोटावर चापट मारायची, सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. त्या तासात कागदाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पुढे चार आठवडे ते रोज येत होते. आज बोलायचंच, असं मी रोज ठरवायचो. मोजे संपायचे, ते उठायचे.

सर, इथल्या लोकांचं मत बदललं, मग परत बदललं. बदलू दे, त्यांनी तिकीट काढलेलं असतं. माझं मत कधी बदललंच नव्हतं. बदललं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. मी नुसता भ्यालो.

घड्याळ दाखवू नका, संपवतो. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं, अशी विनंती करायची असते, ती करतो. सरांना मात्र करत नाही. त्यांनी केव्हाच पोटात घातलंय, आणि मला तेच सोसत नाही. सर, जाण्याआधी मला एकदा रागवा. इथे, चारचौघांत रागवलात तरी चालेल. मी उभा आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपला आभारी आहे.