हिराबाईंच्या खाचरातले बुडबुडे

तुम्ही मला भातातला तज्ज्ञ म्हणता ना, मग हे ऐका. घोटीजवळच्या एका गावात मी खाचरांतून निघणारा मिथेन मोजायचो. पाण्याखालच्या चिखलात तो तयार होतो. रोपांवर पेटी उपडी ठेवायची आणि आतली हवा सुईने ओढून घ्यायची, एवढंच काम.

हिराबाईंच्या खाचराचा आकडा दर वेळी सगळ्यांच्या वर. मी भर बैठकीत त्यांना उभं केलं. "मावशी, गावात सगळ्यात जास्त गॅस तुमचा. सांगूनही खाचरातलं पाणी मधूनमधून काढून टाकत नाही तुम्ही!" लोक हसले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर बांधापासून पेटीपर्यंत फळ्या टाकलेल्या.

"सर, बाकीच्यांची पेटी बांधालगत हाय. माझी पार मधी. तुम्ही गुडघाभर चिखल तुडवत येता, बुडबुडे तुमच्याच पायाखालून निघतात."

फळीवर बसून मोजलं. आकडा बाकीच्यांएवढाच निघाला.

"मला लय गॅसवाली म्हणून चिडवतात," त्या म्हणाल्या. "बैठकीत तेवढं खरं सांगा."

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "पेटीत बिघाड होता."

समोर बसलेल्या हिराबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.