रीड, रेड अन् बुढ्याले मारलेली हाक

...आता काय सांगू तुमाले! एक होती बुढी अन् एक होती तिची नात, अन् त्या दोघींच्या मंधात, भर एप्रिलच्या उन्हात, कूलरच्या हवेत येऊन बसलं एक इंग्रजीचं रीड! बुढी म्हणजे मीच, रुखमाबाई, शाळेची पायरी कधी चढली नाही. नात म्हणजे हिमानी, माझ्या लेकाची, संघपालची पोट्टी, बी.एड. झालेली. रीड म्हणजे वाचणं, हे तिनंच सांगतलं मले. पण बाप्पा, रोज वाचतो म्हणाचं तर रीड, अन् काल वाचलं म्हणाचं तर रेड! मी म्हटलं, असन बापा, लिहाले दुसरं असन. तर म्हणते, "नाही वं आजी, लिहाचं तसंच." घ्या! लिहाचं एक अन् म्हणाचे दोन! कोन्या घरची रीत होय ही?

अन् ह्या एवढ्याशा शब्दापायी पोट्टीची नोकरी दोनदा गेली... गेली म्हणजे लागलीच नाही. इंग्रजी शाळेत मास्तरीण व्हाचं तर आधी वर्गावर शिकवून दाखवा लागते, अन् मागच्या बाकावर मोठी मॅडम वही घेऊन बसते. घरी पोट्टी बरोबर म्हणते हो, पण मॅडम दिसली का जीभ घसरलीच! काल वाचलं तरी रीड! मंग मॅडम नाकातून म्हणते, "मिऽस, रीड नाही, रेड!" अन् पोट्टे फिदीफिदी हासते. दोन शाळा, दोन मॅडम, नाक एकच! तिसऱ्या शाळेचं बोलावणं आलं तर हिमानी म्हणते, "आजी, ह्या खेपेस नाही झालं ना, तर मी बुटीबोरीले जाते, कंपनीत पॅकिंगले. पुस्तकं देऊन टाकू कोनाले." असं म्हणून हासली. पण ते हासणं नोतं, मले समजत नाही काय?

मंग काय, मी झाली वर्ग! बाहत्तर वर्षांची स्टुडंट! ती चुकली का टाळी वाजवाची, एवढंच माझं काम. दुपारचे दोन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर घरघर करते, खसचा ओला वास येते, अन् पोट्टी म्हणून राहिली... रीऽऽड... रेड... रीऽऽड... तुमाले सांगते, डोळे असे जड होत, अन् समोर आमचा बुढा येऊन बसे. देवाजी. त्याच खाटीवर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पेपर मोठ्यानं वाचून राहिला, काहून का मले वाचता येत नाही. काटोलच्या संत्र्याचा भाव वाचे! मी म्हणो, "मले काय करा लागते संत्र्याचा भाव?" तो म्हणे, "ऐकून तर घे वं, पुढं मजा हाय." पुढं कधीच मजा नसे! पण तो वाचे अन् मी ऐको... चाळीस वर्षं...

"आजीऽऽ! मी चुकली अन् तू टाळी नाही वाजवली! झोपली काय?"

"झोपली नाही वं, ऐकून राहिली होती."

"काय ऐकलं, सांग!"

मी म्हटलं, "पाह्य पोरी, इंग्रजी मले समजत नाही, आवाज समजते. तुयं रीड लांब, रेड आखूड. तुया आजोबा होता तवा मी हाक मारो, अहोऽऽऽ! पार चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाये. आता फोटोपुढं मेणबत्ती लावते अन् म्हणते, अहो. बस, एवढंच. माणूस तोच, हाक तीच, पण होऊन गेलं का आखूड होते. लिहाचं एक अन् म्हणाचे दोन... आपल्यातबी हायच की वं."

कूलरचं पाणी संपलं, तरी कोनी उठलं नाही.

तिसऱ्या शाळेतल्या परीक्षेच्या दिवशी काय झालं? पियुष नावाचा एक वांड पोट्टा उभा राहिला, "मिस, स्पेलिंग सेम हाय तर बोलाचं काहून वेगळं?" मॅडमनं पेन उचलला. अन् आमच्या पोट्टीनं काय करावं? माझी हाक सांगतली! वरून सारा वर्ग उभा केला, "आजोबा चौकात आहेत, मारा हाक!" अहोऽऽऽ! "आता फोटोत आहेत." अहो. आँ? पस्तीस लेकरं माझ्या नवऱ्याले हाका मारून राहिले, अन् मी इथं घरी वांगे चिरत बसली! मागच्या बाकावरून मॅडमनंबी मारली म्हणते, बारीक आवाजात.

आठव्या दिवशी शाळेची चिठ्ठी आली. हिमानी बुढ्याच्याच खाटीवर बसली अन् मोठ्यानं वाचाले लागली. मी म्हटलं, "मले काय समजते?" तर म्हणते, "ऐकून तर घे वं, पुढं मजा हाय!" अन् काय सांगू, ह्या खेपेस पुढं खरंच मजा होती. संघपालनं गल्लीभर पेढे वाटले.

पण सुखानं बसू देईन ती पोट्टी कसली? पयल्याच दिवशी शाळेतून येताना पाटी घेऊन आली, अन् पाटी कोनासाठी? आता रोज दुपारी, त्याच कूलरच्या हवेत, गिरव आजी, पुन्हा गिरव... चुकली का टाळी तिची!

नोकरी लागली पोट्टीले, अन् शाळा लागली मले!