मला तुमचा राग चालेल, हे पाणी चालणार नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त. व्यासपीठावर बसलेल्या आमच्या डॉक्टरबाई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे आपले पाणीवाले काका. त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या काकू. रुग्णालयातले सर्व लहानथोर कर्मचारी. आणि डायलिसिस विभागातल्या दोन्ही तुकड्यांचे माझे सोबती व त्यांच्या घरची मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी व्यवसायाने शिवणकामाची शिक्षिका. तीस वर्षं मुलींना काजं करायला शिकवलं, पण ध्वनिक्षेपकासमोर आजच पहिल्यांदा उभी आहे. इथे मला सगळे बेड नंबर चार म्हणून ओळखतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली पाळी. अकरा वर्षं झाली. काल माझी पाळी होऊन गेली आणि रात्री झोपही झाली, म्हणून आज अशी ताठ उभी दिसते आहे. हाच कार्यक्रम काल असता, तर हे भाषण तुम्हाला खुर्चीतून आणि निम्म्या आवाजात ऐकावं लागलं असतं.

इथे माझ्यासमोर कुणीतरी आदराने पाण्याचा भरलेला पेला ठेवला आहे. ठेवणाऱ्याचे आभार, पण तो कृपया उचलावा. आम्हाला दिवसाला मोजून पाणी मिळतं आणि आजचं माझं सकाळीच संपलं आहे. माझे सोबती हसताहेत, कारण त्यांचीही नजर मघापासून त्या पेल्यावरच आहे.

मंडळी, उद्या वर्षाचा शेवटचा दिवस. लोक विचारतात, यंदा सुट्टीत काय बेत? आमच्या मूत्रपिंडांनी कायमचीच सुट्टी घेतली आहे, त्यामुळे आम्हाला मिळत नाही. वर्ष संपलं याचा आमच्यापुरता अर्थ एवढाच, की दीडशेहून जास्त वेळा सुया टोचून घेऊन आपण इथवर आलो. त्याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. पण आम्ही इथवर आलो ते कुणाच्या जोरावर, हे सांगायला आज मी चिठ्ठी पाठवून वेळ मागून घेतली.

काका माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. तरी मी त्यांना काका म्हणते, कारण सगळेच म्हणतात. ते इथले तंत्रज्ञ, सुया टोचून आम्हाला यंत्राला जोडणं हेही त्यांचंच काम. मग पाणीवाले का, हे बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही यंत्राला जोडलेले असतो त्या चार तासांत सव्वाशे लिटर पाणी आमच्या रक्ताच्या शेजारून जातं. रक्त आणि पाणी यांच्यात एक पातळ पडदा असतो, बस. शहराच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पिण्याला चालतं, पण पडद्यातून रक्तात गेलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून ते पाणी आधी कार्बनच्या टाकीतून गाळून घेतात. टाकीने आपलं काम केलं की नाही, हे पाहण्यासाठी काका रोज प्रत्येक पाळीच्या आधी तिथलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतात आणि त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी तसंच राहिलं तर ठीक. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. पाहुण्यांकडे जेवायला गेले तरी पेला उजेडात धरून बघतात, असं काकूंनीच मला सांगितलं आहे. काकू, मान खाली घालू नका, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते. सात वर्षांपूर्वीचा एकतीस डिसेंबर. बुधवार होता.

माझी एकुलती एक लेक लग्नानंतर परदेशी गेली. त्या वर्षअखेरीला ती तीन वर्षांनी घरी आली होती, दहा दिवसांसाठी. दोन वर्षांचा नातू मी तोवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेला. एकतीस तारखेला दुपारी दोनला ती विमानतळासाठी निघणार होती. मी मनाशी ठरवलं होतं, सकाळी सहाला यंत्राला लागायचं, दहाला सुटायचं, साडेदहाला घरी, आणि शेवटचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं. नातवाला मी शिवलेला कोट घालून दाखवायचा राहिला होता. बटणं अजून लावायची होती.

सहाला येऊन बसले. आम्ही सहा जण होतो. साडेसहा झाले, सात झाले, कुणी आत बोलवेना. मग काका बाहेर आले आणि म्हणाले, पाण्याला रंग आला आहे, आज सुरू करता येणार नाही. जलवाहिनीची दुरुस्ती झाल्यामुळे शहराने क्लोरीन वाढवलं होतं, आणि आपली टाकी जुनी झाली होती. ती बदला म्हणून काकांनी तीन महिने अर्ज केले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्या वेळचे व्यवस्थापक धावत आले. ते आता इथे नाहीत, म्हणून मोकळेपणाने सांगते. त्यांचं म्हणणं, रंग अगदी फिका आहे, सगळीकडे सुट्ट्या आहेत, दुरुस्तीला कोण येणार, आजचा दिवस चालवून घ्या. नातेवाईक त्यांच्या बाजूने झाले. मीही झाले. काकांनी पाण्याची मुख्य चावी बंद केली, तिची मूठ काढून खिशात घातली आणि दारात उभे राहिले.

मी उठून त्यांच्यासमोर गेले आणि भरल्या खोलीत त्यांना बोलले. ते शब्द आज पुन्हा उच्चारते, कारण ज्यांनी ऐकले होते त्यांतले चार जण इथे आहेत. मी म्हणाले, “तुम्हाला काय जातंय? तुमची लेकरं घरी आहेत. चार थेंबांच्या बाटलीवर तुम्हाला देव झाल्यासारखं वाटतं.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाले, “बाई, मला तुमचा राग चालेल. हे पाणी चालणार नाही.”

पुढे त्या दिवशी काय झालं? दोघांची प्रकृती नाजूक होती. त्यांना काकांनी रुग्णवाहिकेतून दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. त्याआधी फोन करून तिथलं पाणी दोनदा तपासायला लावलं, मगच रुग्णवाहिका हलली. मग टाकीचा माल पुरवणाऱ्याच्या घरचा पत्ता शोधला. तो माणूस कुटुंबाला घेऊन फिरायला निघाला होता. काकांनी त्याला त्याच्याच गाडीतून, बायकामुलांसकट, गोदामापर्यंत आणलं. कार्बनची पोती खांद्यावरून उतरवली, टाकी रिकामी केली, भरली, धुतली. दुपारी एकला आत बोलावलं तेव्हा ते मानेपासून कोपरापर्यंत काळे झालेले होते. मला सुई टोचायला हात धुऊन आले, तरी नखं काळीच होती.

माझी लेक विमानतळाच्या वाटेवर इथे आली. नातू माझ्या पायाशी उभा राहून यंत्राची फिरणारी चाकं बघत होता. दहा मिनिटं. कोट बटणांशिवायच गेला. लेक रडली नाही, मीही नाही. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं, आणि काका रक्तदाब बघायला आले तेव्हा हात पुढे केला, पण मान वळवली नाही.

दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. मंडळी, आठवड्यातून तीनदा जो माणूस आपलं रक्त यंत्राला जोडतो, त्याच्याशी अबोला धरणं ही सोपी गोष्ट नाही. त्याला कष्ट पडतात. ते रोज विचारायचे, दुखतंय का? मी छताला उत्तर द्यायची, नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. माझ्या अबोल्याचा त्यांना कंटाळा आला असावा. त्यांनी सांगितलं, की त्याच एकतीस तारखेला, त्याच जलवाहिनीवरच्या एका केंद्रात चाचणी न करता यंत्रं सुरू झाली होती. तीन जणांना त्रास झाला. दोघं महिनाभराने घरी गेली. तिसरी, माझ्याच वयाची एक बाई, घरी परतलीच नाही.

मला त्या बाईचं नाव माहीत नाही. तिच्या घरीही त्या दिवशी कुणी जेवायला थांबलं असेल, एवढंच मनात येत राहिलं.

खाली जाऊन काकांना गाठलं. ते टाकीपाशी वहीत काही लिहीत होते. मी विचारलं, “डॉक्टरबाई म्हणतात, तुम्हाला हे जानेवारीपासून माहीत होतं. मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

ते म्हणाले, “सांगितलं असतं तर तुम्ही रोज भीत भीत सुई टोचून घेतली असती. त्यापेक्षा माझ्यावर रागावून टोचून घेत होतात. रक्तदाब चांगला राहायचा.”

मी माफी मागितली. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. असे हे गृहस्थ.

त्या वर्षीपासून आमच्या तुकडीने एक पद्धत पाडली. वर्षाच्या शेवटच्या पाळीला यंत्राला लागण्याआधी आम्ही सगळे खाली पाण्याच्या खोलीशी जातो आणि काकांची चाचणी बघतो. सगळं जग एकमेकांना रंगीबेरंगी शुभेच्छा देतं, आम्ही म्हणतो, येणारं वर्ष बिनरंगाचं जावो. काकांना हा थाट मुळीच आवडत नाही. दरवर्षी म्हणतात, गर्दी करू नका, उजेड अडतो. पण शेवटच्या दिवशी दाढी मात्र करून येतात.

आणि काकू, तुमच्याबद्दल न बोलता खाली बसले तर मला घरी कुणी घेणार नाही. ड्यूटीचा तक्ता काका स्वतः लावायचे, आणि एकतीस डिसेंबर व एक जानेवारी या दोन चौकटींत एकतीस वर्षं एकच नाव असायचं. बाकीच्यांची मुलं लहान आहेत, हे त्यांचं कारण. त्यांची स्वतःची मुलं कधी लहान होती की नाही, हे काकूंनाच ठाऊक. थोरल्याचा साखरपुडासुद्धा दुपारी एक ते दोन असा ठेवला होता, दोन पाळ्यांच्या मधे. आम्हाला जी वर्षं मिळाली, त्यांतला बराच वेळ तुमच्या घरातून आला आहे, काकू. तो परत देता येत नाही. नुसतं माहीत आहे, एवढं आज सगळ्यांसमोर सांगते.

उद्या काकांचा शेवटचा दिवस. परवा सकाळी ती काचेची नळी कुणाच्या हातात असेल? त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. शाळा बंद पडली. अडतिसाव्या वर्षी, घरात दोन मुलं असताना, त्या परत विद्यार्थिनी झाल्या आणि हे काम शिकल्या. गेली चार वर्षं काकांच्या हाताखाली आहेत. आम्ही त्यांना ताई म्हणतो.

खरं सांगायचं तर मला धास्ती होती. कितीही झालं तरी काका ते काका. त्यांच्यानंतर सुट्टीच्या दिवशी, व्यवस्थापक समोर उभे असताना, दारात कोण उभं राहणार?

याच आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. मी लवकर आले होते, खाली बाकावर बसले होते. पाण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. काकांनी कपाटातून नवी बाटली काढली, थेंब टाकले, नळी उजेडात धरली आणि म्हणाले, स्वच्छ आहे, चला सुरू करा. ताई हलल्या नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवली आणि म्हणाल्या, “काका, हिची मुदत नोव्हेंबरातच संपली आहे. ही चाचणी मला धरता येणार नाही.”

वर सहा जण खोळंबले होते. काकांची एकतीस वर्षांची नोकरी आणि तिच्यातले शेवटचे पाच दिवस. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी बाटली घेऊन तारीख वाचली. मग म्हणाले, “बरोबर आहे. माझी चूक झाली.” ताई कोठारात गेल्या, नवी बाटली आणली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. पाणी स्वच्छच होतं. वीस मिनिटं उशीर झाला.

हे मी चुगली म्हणून सांगत नाही. त्या दिवशी ही चूक काकांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिली आणि खाली सही केली. दुपारी माझी सुई काढायला आले. कापूस दाबून धरला आणि हळूच म्हणाले, “बाई, मी पाच वर्षांपूर्वीच सुटायला हवं होतं, पण भीती वाटायची. आज सकाळी ती गेली. आता मी जाऊ शकतो.”

अध्यक्षमहाराज, माणूस किती मोठा, हे तो गेल्यावर किती अडतं यावरून ठरवायची आपल्याकडे रीत आहे. मी तर म्हणेन, परवापासून आमचं काहीही अडणार नाही, आणि हे काकांनी घडवलेलं आहे. त्यांची बेड नंबर चार म्हणून मिरवताना मला आज जेवढा अभिमान वाटतो आहे, तेवढा मी शिवलेल्या कुठल्याच कपड्याचा वाटला नव्हता.

मला दहा मिनिटं दिली होती, मी दुप्पट घेतली. विश्वस्तांनी हे सभागृह दिलं, डॉक्टरबाईंनी दुपारची पाळी अर्धा तास पुढे ढकलली, कुणाच्या अंगात पाणी जास्त साठलेलं नाही ना, हे बघायला ताईंनी ती ढकलण्याआधी प्रत्येकाचं वजन तपासलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याची सवय नाही. टाका कुठे सैल पडला असेल, कुठे जास्त ओढला गेला असेल, तर आपण सांभाळून घ्यावं.

काका, आता एकच मागणं आहे. उद्या सकाळी सहाला खाली या, पण खोलीत जाऊ नका. बाकावर माझ्या शेजारी जागा धरून ठेवते. चाचणी ताई करतील. आपण दोघं बसून बघू.

नमस्कार.