चष्म्यातला एलिव्हेटर

...अन् म्हणे हुबेहूब! तुमाले सांगतो, गोंदियाच्या राईस मिलमध्ये चौदा वर्षं मिस्त्रीकी केली या कैलाशनं, पण असा हुबेहूब कुठंच पाहला नाही! सेठजी म्हणे, 'कैलाश, सर्टिफिकेट ला, फिर परमनंट करूँगा.' गेलो बाप्पा ट्रेनिंग सेंटरले! तिथं तेल नाही, कोंडा नाही, मशीनच नाही, नुसता एक चष्मा! डोळ्यावर चढवला का समोर धान वर नेणारा एलिव्हेटर, तोच पट्टा, तेच डबे... हुबेहूब!

आता आमच्या मिलची रीत ऐका. मशीनमध्ये हात घालायच्या आधी मिस्त्रीनं बोंबलायचं, 'हात चालला गाऽऽ!' अन् भिंतीपल्याड स्विचपाशी बसलेल्या छोटेलालनं उलट बोंबलायचं, 'बंद आहे गाऽऽ!' मी चष्म्यातही बोंबललो ना, सवयच ती! तर शिकवणाऱ्या रेणू मॅडम कशा नाजूक आवाजात, 'सर, ओरडू नका ना, बाकीच्यांना त्रास होतो. इथे कव्हर उघडलं की मशीन आपोआप बंद होतं.' अन् कापले का नाही पाच मार्क! मग कायले बोंबलू? पाच दिवसांत तोंड असं शिवलं, असं शिवलं, का शंभरातले अठ्ठ्याण्णव! टाळ्या वाजल्या!

परत आलो. नवीन धान येऊन राहिलं होतं, एलिव्हेटर जाम. छोटेलालनं बंद केला, मी कव्हर उघडलं... गुपचूप! अठ्ठ्याण्णव मार्कवाला माणूस ना! ओरड आली नाही, म्हणून छोटेलाल समजला का आत कोणाचा हात नाही. दाबला स्विच! उजव्या हाताची दोन बोटं, तुमाले सांगतो, धानासंगं वर गेली! अन् तो रडत रडत मलेच शिव्या देऊन राहिला, 'बोंबलला काऊन नाही बे?' काय सांगू त्याले? मार्क कटतात म्हणून?

सेठजी म्हणे, 'अब तू काम का है के नहीं, टेस्ट दे के आ.' पट्टी उतरली, गेलो. चष्मा चढवला अन् पाहतो तर काय... हाताले पाचही बोटं! हुबेहूब! हलवली, तर हलली! कितीतरी वेळ नुसता हातच पाहत बसलो, चष्मा काढावासाच वाटेना हो... मॅडमनं शंभर मार्क देल्ले. सेठजीनं कागद वाचला, 'एकदम फिट! तो फिर एक्सीडेंट हुआ कहाँ रे? कल से एलिव्हेटर पे.'

झालो परमनंट! आता मार्क गेले चुलीत, असा बोंबलीन का पार सालेकसा गावापर्यंत आवाज जाईल! पण उलट 'बंद आहे' म्हणणार कोण? छोटेलालले सेठजीनं आज सकाळीच पाठवलं... चष्म्याच्या ट्रेनिंगले.